समुद्राची नक्कल

गेली बावीस वर्षं मी नकला करतो. तोंडाच्या नव्हे, कागदांच्या! आमच्या कचेरीतल्या नक्कल विभागाचा मी मुख्य कारकून. कुणाला जुन्या दस्ताची प्रत हवी असली की अर्ज माझ्या टेबलावर येतो. मी पान न् पान ताडून पाहतो, 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शिक्का मारतो, सही ठोकतो. बावीस वर्षांत एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नाही. तेव्हा नक्कल कशी करावी हे मला कुणी शिकवू नये!

म्हणूनच नानांच्या डिस्कची नक्कल मी करणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा माझा आवाज जरा चढलेलाच होता.

नाना म्हणजे माझे सासरे. कापडगिरणीच्या रंगखात्यात अडतीस वर्षं शेडमास्तर होते. रंगवलेलं कापड नमुन्याच्या तुकड्याशेजारी धरायचं आणि 'जुळला' किंवा 'परत टाका' एवढंच म्हणायचं, हे त्यांचं काम. निळ्या रंगाचे एकशे चाळीस प्रकार त्यांना ओळखता येतात. मला दोन येतात, निळा आणि फार निळा. अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सगळं जग त्यांना जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळट दिसायला लागलं. एकदा भाजी निवडताना हिरवी पानं टाकून त्यांनी पिवळी ठेवली, आणि माझी बायको मोरीत जाऊन रडली.

ऑपरेशन ठरलं. आधी उजवा डोळा, तीन आठवड्यांनी गुरुवारी डावा. बायकोनं बक्षीस म्हणून आधीच सहा डिस्कचा संच आणून ठेवला. समुद्राच्या पोटातलं जग! प्रवाळ, मासे, आणि काय काय. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'एचडीआर' असं लिहिलं होतं. दुकानदारानं तिला सांगितलं होतं की यात उजेड खराखुरा उजेडासारखा दिसतो आणि लाल रंग असा दिसतो की हात भाजेल.

"डोळा उघडल्यावरच बघणार," नाना म्हणाले, आणि पहिली डिस्क खोक्यातून काढून तिच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला. त्यांना वाटलं, टेबलावर डाग पडू नये म्हणून कंपनीनं दिलेली चकती आहे!

तिथंच मी पुढे सरसावलो. "नाना, मूळ कागद कधी कुणाच्या हातात देतात का? मूळ कपाटात, नक्कल अर्जदाराला! मी या सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून देतो. तुम्ही नक्कल बघा, मूळ कुलपात ठेवू."

"जमेल तुम्हाला?" बायको म्हणाली.

या प्रश्नाला उत्तर देणं मी कमीपणाचं समजलो.

तीन दिवस रजा टाकली. डिस्क वाचणारं यंत्र शेजारच्या इमारतीतल्या छायाचित्रकाराकडून मागून आणलं. एकेक डिस्क बघतो तर काय, आख्ख्या हार्ड डिस्कवर बसून जांभई देईल एवढी लठ्ठ! काटकसर माझ्या रक्तात आहे. पाठकोऱ्या कागदावर लिहिणारा माणूस मी. संगणकात 'फाइल लहान करा' असं एक बटण होतं. मी ते दाबलं. त्यावर संगणकानं विचारलं : 'मूळ चित्रफीत एचडीआर आहे. या पद्धतीत एचडीआर माहिती सोबत जाणार नाही. पुढे जायचं का?'

माहिती जाईना का! आपल्याला मासे बघायचेत, माशांची माहिती नाही. मी 'हो' दाबलं. सहा वेळा विचारलं, सहा वेळा 'हो' दाबलं. डिस्क कुलपात ठेवल्या आणि हार्ड डिस्कवर चिठ्ठी चिकटवली : 'अस्सलबरहुकूम.'

उजवा डोळा उघडला. दहाएक दिवसांनी डॉक्टरांनी दिवसातून एक तास टीव्हीची परवानगी दिली. नाना खुर्चीत ताठ बसले, केस विंचरून, जणू मुलगी बघायला आलेत. मी रिमोट दाबला. समुद्र सुरू झाला.

मलाही क्षणभर वाटलं, पाणी जरा राखेचं दिसतंय. प्रवाळ दहा वर्षं वाळत घातलेल्या टॉवेलसारखे. पण मी कधी समुद्राच्या तळाशी गेलोय? खाली उजेड कमी असणार, असा मी हिशेब लावला. बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "छान झालंय हं!" नानांकडे पाहिलं. ते तासभर पापणी न हलवता बसले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही फार मेहनत घेतलीत, बापू."

माझी छाती दोन बोटं फुगली!

दुसऱ्या दिवसापासून नानांचं वागणं बदललं. सकाळी मी कचेरीला निघालो तर म्हणाले, "बापू, हा शर्ट कोणता रंग?"

"निळा."

"जरा मागे व्हा. अजून. अजून. दाराबाहेर जा."

मी मागे मागे सरकत जिन्यात पोचलो. तिथला दिवा महिनाभर गेलेला. नानांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि खोल आवाजात म्हणाले, "गेला."

"काय गेला?"

"निळा गेला."

"दोनदाच धुतलाय, नाना!" मी तडकलो. माझ्या एकुलत्या एका बऱ्या शर्टाला नावं ठेवतात म्हणजे काय! दिवसभर मी कचेरीत फुरंगटून बसलो. दोन अर्ज नुसत्या रागानं परत पाठवले. 'सहपत्रे जोडलेली नाहीत' असा शेरा मारून!

असं आठ-दहा दिवस चाललं. रोज तासभर समुद्र, आणि नंतर नानांच्या वहीत काहीतरी टिपणं. बातम्या लावल्या तर खिडकीकडे तोंड करून ऐकायचे. त्यांच्या मते बातम्यांत बघण्यासारखं काही नसतंच. खिडकीसमोरच्या इमारतीचं गिलाव्याचं काम चाललेलं, त्यामुळे तिकडेही नुसतं सिमेंट. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, नाना चहा पिता पिता म्हणाले, "उद्याचं रद्द करा. डावा डोळा मला करायचा नाही."

बायकोच्या हातातली गाळणी चहात पडली. "का पण?"

"वय झालं. एक पुरे."

"अहो नाना, चप्पल एक पुरते का? डोळा कसा पुरेल?"

"नाही म्हणजे नाही."

तिनं विनवलं, रागावली, शेवटी सरळ रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही मागोमाग. डॉक्टरांनी उजवा डोळा तपासला. तक्त्याची शेवटची ओळ नानांनी वाचलीच, वर तक्ता छापणाऱ्याचा पत्ताही वाचला!

"डोळा पहिल्या प्रतीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "अडचण काय आहे, आजोबा?"

"इथं ठीक दिसतं. घरी दिसत नाही."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "घरी कोणाबरोबर राहता?"

"मुलगी आणि जावई."

"असं होय," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे असे बघू लागले की मला वाटलं, आता मलाच तक्ता वाचायला लावतात. "घरात काही ताणतणाव?"

"शर्टावरून जरा झालं होतं," मी म्हणालो. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

डॉक्टरांनी संध्याकाळी सहापर्यंत नक्की कळवायला सांगितलं. नाहीतर उद्याची वेळ दुसऱ्याला जाणार, आणि पुढची दोन महिन्यांनी. घरी आल्यावर नाना पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. "बापू, डोळ्यात घालायचं औषध द्या. खणात आहे."

खणात औषधाशेजारी ती वही होती. उघडीच. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण बावीस वर्षं जो कागद दिसेल तो वाचायची सवय. नानांनी गिरणीत ठेवत तशीच वही ठेवली होती. डावीकडे वस्तू, मध्ये रंग, उजवीकडे शेरा.

'मोठा मासा – पिवळा – गेला. प्रवाळ – लाल – गेला. पाणी – निळा – सगळे प्रकार गेले. बापूंचा शर्ट – निळा – जिन्यात गेला.'

खाली लिहिलं होतं : 'जवळचं राहिलं, लांबचं गेलं. डावा झाकला की जास्तच गेलं. डाव्यानं निदान पिवळसर ऊब तरी दिसते. तो हात लावू न देता ठेवावा. मुलीला सांगू नये, तिनं हौसेनं केलंय.'

मी औषधाची बाटली धरून तसाच उभा राहिलो. ज्या माणसानं अडतीस वर्षं रंगांची मोजदाद केली, तो आता एकेक रंग गेल्याची नोंद करत बसला होता. आणि शेजारच्या खोलीत त्याची मुलगी आपलं काय चुकलं म्हणून डोळे पुसत होती.

पण माझ्यातला कारकून दुःखातही मरत नाही. मी वही पुन्हा वरून खाली ताडली. 'डबा – लाल – शाबूत. पडदा – हिरवा – शाबूत. मुलीची ओढणी – शेंदरी – शाबूत.' घरातलं सगळं शाबूत! जिन्यातला एक शर्ट सोडला, आणि तिथं तर दिवाच नाही, तर गेलेला प्रत्येक रंग समुद्रातला. म्हणजे एकाच दस्तातला. आणि त्या दस्तावर सही कुणाची?

नानांच्या डोळ्यात औषध घातलं.

गच्चीत जाऊन मी आमच्या कचेरीच्या संगणक विभागातल्या बाईंना फोन लावला. त्या कमी बोलतात, पण बोलतात ते लागतं.

"डिस्क लावली की टीव्हीच्या कोपऱ्यात 'एचडीआर' असं येतं. तुमची नक्कल लावल्यावर येतं का?"

"नाही बुवा."

"मग उतरवताना ते सोडलंत तुम्ही. रंग कसे दाखवायचे, उजेड किती ठेवायचा, याचं टिपण चित्राबरोबर जोडलेलं असतं. टीव्ही ते वाचून रंग लावतो. टिपण नसेल तर त्याला वाटतं हे साधंच चित्र, आणि सगळं विटकं दिसतं. संगणकानं विचारलं नाही तुम्हाला?"

"सहा वेळा."

"मग?"

"म्हणजे बाई, ते टिपण म्हणजे... सहपत्र?"

"सहपत्रच."

मग बाई म्हणाल्या, "लहान करू नका. जसंच्या तसं उतरवा. आणि साहेब, मागच्या आठवड्यात माझ्या भावाचा अर्ज सहपत्र नाही म्हणून परत पाठवलात, तो मी उद्या पुन्हा आणते."

खाली आलो. साडेपाच वाजले होते. कपाटाचं कुलूप काढलं, पहिली डिस्क काढली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि छायाचित्रकाराचं अजून परत न केलेलं यंत्र टीव्हीला जोडून त्यात घातली. "नाना, या जरा."

"नको बापू. थकलोय."

"पाच मिनिटं. माझ्यासाठी."

ते आले. माझ्यासाठी म्हटल्यावर ते येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. बायकोही दारात येऊन उभी राहिली. टीव्हीच्या कोपऱ्यात 'एचडीआर' उमटलं, विझलं, आणि समुद्र उघडला.

काय सांगू! पाणी असं निळं की खोली ओली झाल्यासारखी वाटावी. वरून उन्हाचे दांडे घुसलेले. आणि प्रवाळाचं एक झाड, लालभडक, निखाऱ्यासारखं.

नाना उठले. टीव्हीपाशी गेले, मग मागे मागे सरकत पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. डावा डोळा झाकला. ओठ हलत होते. मला ऐकू आलं ते एवढंच, "जुळला... हाही जुळला..."

मग मी सांगून टाकलं. बटण, टिपण, सहा वेळा 'हो', सगळं. मान खाली घालून. आता काय ऐकून घ्यावं लागेल याची मनात यादीही केली होती.

"म्हणजे," नाना सावकाश म्हणाले, "माझा डोळा चांगला आहे?"

"हो."

"आणि तुमचं काम वाईट आहे?"

"हो, नाना."

"अरे वा!" नाना ओरडले. "वा, वा, वा! अगं ऐकलंस का? याला काही येत नाही!" आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. माझ्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बायको हसता हसता रडत होती. "मला तर पहिल्याच दिवशी फिकं वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" मी म्हणालो.

"तुम्ही तीन दिवस रजा टाकून खपला होतात. म्हटलं, कशाला हिरमोड करा!"

म्हणजे तिला दिसत होतं, मला दिसत होतं, नानांना तर सगळ्यांत जास्त दिसत होतं. आणि तिघंही एकमेकांना जपत त्या राखेत दहा दिवस पोहत होतो!

सहाला पाच मिनिटं असताना डॉक्टरांना फोन केला. गुरुवारी डावा डोळा झाला. शुक्रवारी पट्टी काढायला गेलो. नानांनी डॉक्टरांना, परिचारिकेला, औषधाच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्याला सगळी हकीकत सांगितली. प्रत्येकाला सांगताना माझ्या खांद्यावर हात, आणि चेहऱ्यावर असं कौतुक, जणू मी परीक्षेत पहिला आलोय.

निघताना बाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. डोळ्यावर हिरवी झापड, हातात पिशवी, तोंड उतरलेलं. आपल्या बायकोला सांगत होते, "काही उपयोग नाही गं. कालपासून घरी टीव्ही लावला की सगळं धुरकट दिसतंय."

नाना लगेच त्यांच्याशेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला.

"घाबरू नका," नाना म्हणाले. "डोळ्याला काही झालेलं नाही. आधी मला सांगा, तुमच्या घरी जावई आहे का?"

आजोबांनी जरा विचार केला आणि मान हलवली. आहे.

"झालं तर मग!" नाना म्हणाले.

आजोबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मीही उगाच जरा मान लववली. जगातल्या सगळ्या जावयांच्या वतीनं कुणीतरी लववायला हवीच होती.