पहिल्या पानावरचे शाम मोटर वाइंडिंग

राळेगावच्या बसस्टँडमागे शामचे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे, हे आसपासच्या गावांना ठाऊक होते. विहिरीवरची मोटर जळली की लोक ती दुचाकीवर आडवी टाकून सरळ त्याच्याकडे आणत. शाम जळकी तार काढून नवी भरत असे आणि मोटर पुन्हा पाणी फेकत असे. या व्यवहारात एक गंभीर त्रुटी होती. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेल्या रजतने ती उघडकीस आणली.

"शामभाऊ, तुम्ही अस्तित्वातच नाही," तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला.

शामने पक्कड खाली ठेवली. "हा मी काय, तुह्यासमोर बसून राह्यलो न!"

"गुगलवर नाही तुम्ही. तिथं नाही तो कुठंच नाही."

शामला हसू यायला हवे होते, पण फुटला तो घाम. आपण नसताना इतकी वर्षे हे दुकान कोण चालवत होते, असा प्रश्न त्याला खरोखरच पडला. आणि माणसाला असा प्रश्न पडला की तो सल्लागार नेमतो. रजतने यवतमाळला धंदा गुगलवर वर आणण्याचा काहीसा कोर्स केला होता. मिक्सर फुकटात दुरुस्त झाला आणि रजतचा 'रजत सर' झाला.

वेबसाइट तयार झाली. शामची बायको रंजिता हिने पहिलेच वाक्य मोठ्याने वाचले: "राळेगावातील राळेगावचे मोटर वाइंडिंग म्हणजे शाम मोटर वाइंडिंग, कारण मोटर वाइंडिंगसाठी राळेगावात शाम मोटर वाइंडिंग." ती थांबली. "लिवतानी उचकी लागलती काय तुम्हाले?"

"याले कीवर्ड म्हणतात."

"अन् माणसं वाचतीन हे?"

"माणसांसाठी नाहीच ते," शामने अभिमानाने सांगितले.

दुसरी पायरी विस्ताराची होती. एकाच गावात दुकान असणे ही रजत सरांच्या मते मागासलेली कल्पना होती, म्हणून नेर आणि केळापूर येथे शाखा काढण्यात आल्या. जागा, सामान, माणसे यांपैकी काही लागले नाही. गुगलच्या नकाशावर बोट टेकवले की शाखा उघडत होती. केळापूरला बोट टेकले ते इंदूबाई नावाच्या एका शेतकरी बाईंच्या तुरीत. आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"बाबू, तुह्ये गिऱ्हाईक माह्या तुरीत मोटर घेऊन उभे हायेत."

शाम एव्हाना कार्यालयीन भाषा शिकला होता. "आमची ती शाखा सध्या ऑनलाइन आहे, बाई."

"माही तूर ऑफलाइन हाये न!" इंदूबाई ओरडल्या आणि त्यांनी फोन आपटला.

पण बाई व्यवहारी होत्या. लोक यायचे थांबत नाहीत असे पाहून त्यांनी शेताच्या बांधावर चूल मांडली आणि चहा विकायला सुरुवात केली. लवकरच अभिप्राय येऊ लागले: "इथे दुकान नाही. चहा मात्र एक नंबर. पाच तारे." अशा रीतीने शामच्या तिन्ही दुकानांत जे नव्हतेच ते सर्वोत्तम ठरले. खऱ्या दुकानाच्या ते जिव्हारी लागले. मग रजत सरांनी राळेगावसाठी अभिप्राय विकत आणले. त्यात कोणी लिहिले होते, "रूम स्वच्छ, खिडकीतून समुद्र दिसतो."

"राळेगावात समुद्र?" शाम चाचरला.

"तारे मोजा, भाऊ. समुद्र कायले मोजता?"

शामने तारे मोजले आणि त्याला बरे वाटले.

शेवटी लोक सर्वाधिक काय शोधतात ते शोधले गेले. कापसाचा भाव, दहावीचा निकाल, वधू-वर हे शब्द वेबसाइटवर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पेरण्यात आले. गिऱ्हाइकाला दिसू नयेत, पण गुगलला दिसावेत म्हणून. शाम मोटर वाइंडिंग पहिल्या पानावर सगळ्यात वर झळकले. शामने पेढे वाटले. फोन दिवसभर वाजू लागला. कापसाचा भाव विचारणाऱ्यांना 'हे मोटरचे दुकान आहे' म्हणणे त्याला बरे दिसेना, म्हणून तो सकाळीच बाजार समितीतून भाव आणून ठेवू लागला. नेरच्या एका सद्गृहस्थांनी मुलीचा फोटो पाठवला, तेव्हा मुलगा किती शिकलेला हवा हे विचारून घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. वेबसाइटवर किती जण येऊन गेले तो आकडा बघता बघता त्याचा चहा रोज थंड होत होता. मोटर घेऊन मात्र कोणी येत नव्हते.

म्हणजे एक जण आला होता. बापूजी, शामचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांची मोटर दुकानात पडून होती आणि ते रोज चक्कर मारत होते.

"शाम, हरभरा फुलावर हाये. पाणी नाही भेटलं तं फूल गळते."

"करून राह्यलो न, बापूजी. सध्या जरा ट्रॅफिक लय हाये."

बापूजींनी वळून रस्त्याकडे पाहिले. तिथे एक बकरी उभी होती. "कुठी हाये?"

शामने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. बापूजींनी वेबसाइटवर येऊन गेलेल्यांचा आकडा पाहिला, शामकडे पाहिले आणि मोटर उचलून ते चालते झाले. शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते, असे शामला वाटले.

त्याच आठवड्यात वेबसाइट गायब झाली. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावर नाही. स्वतःचे नाव टाकले तर इंदूबाईंचा चहा निघायचा. रजत सरांनी शांतपणे सांगितले की गुगलचे नियम बदलले. मग त्यांनी 'व्यावसायिकांनी टाळायच्या चुका' नावाचा वर्ग सुरू केला. त्याच्या जाहिरातीवर शामचा फोटो होता. फोटो बरा आला होता, हे शामनेही कबूल केले.

"आता काय करता?" रंजिताने विचारले.

"आता मी पुन्हा अस्तित्वातच नाही," शाम म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्याला पहिल्यांदा हसू आले.

तो उठून बापूजींच्या शेतावर गेला. मोटर विहिरीच्या काठावर तशीच जळकी पडली होती. दुसऱ्या दुकानात नंबर लागत नव्हता. शाम ती घेऊन आला, मोबाइल रंजिताच्या हवाली केला आणि तार भरायला बसला. मोटर विहिरीवर बसवली, पाणी आले. बापूजींनी हरभऱ्याच्या ओळी न्याहाळल्या.

"अर्धा गेला," ते म्हणाले. ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "अर्धा हाये." शाम वाकून पाण्याची वाट मोकळी करू लागला. तारे मागण्याची त्याची हिंमत झाली नाही.

पुढे हळूहळू मोटरी येऊ लागल्या. गिऱ्हाइकांना शाम ही सगळी हकिकत समुद्रासकट रंगवून सांगतो आणि सगळ्यात जास्त स्वतःच हसतो. पहिला नंबर कसा तयार होतो हे राळेगावात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

परवा रंजिताची दाढ दुखायला लागली. शामने मोबाइल काढला, 'यवतमाळ दातांचा चांगला डॉक्टर' असे टाकले आणि सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवले.

"हा चांगला हाये कायवरून?" गाल धरून रंजिताने विचारले.

"पह्यला हाये न!" शाम म्हणाला आणि त्याने वेळ घेऊनही टाकली.

दुसऱ्या पानावरही डॉक्टर असतीलच. कदाचित अधिक चांगले असतील. तिथपर्यंत शाम गेला नाही, हे खरे. पण हसण्याआधी सांगा, तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होता?