न झालेल्या गोलांचा रकाना

मी पुंडलिक, राहणार नवापूर. बोइसरच्या एका रंगाच्या कंपनीत सात वर्सं मी फुटबॉल अडवायची नोकरी केली. हसू नका. सुरवातीला मस्टरवर माझा हुद्दा 'तात्पुरता मदतनीस' असा होता, पण मी कधी पिंप उचललं नाय का झाडू मारला नाय. समोरच्याचा बॉल आपल्या गोलपर्यंत पोचू द्यायचा नाय, याचाच मला पगार होता.

साल त्र्याऐंशी. त्या टायमाला बोइसरच्या कारखान्यांत फुटबॉलची साथ आली होती. एका कंपनीने टीम काढली की शेजारच्या कंपनीला अन्न गोड लागायचं नाय. नाल्यात लाल पाणी कोणाचं नि निळं कोणाचं, यावर कधी भांडण नाय. सगळे सायेब एका सुरात सांगायचे, आमचं नाय. पण स्पर्धेची ढाल कोणाची, यावर डोकी फुटायची.

आमचे मोठे सायेब एका रविवारी मासे खायला नवापूरला आले. ओहोटीची वेळ. ओल्या वाळूवर आमी खेळत होतो. समोरून चार पोरगे धावत आले, आणि चौघांनी बॉल आणून माझ्याच पायात दिला. सायेब हातातली तुकडी तशीच धरून बघत राहिले.

"तू धावत का नाहीस रे?"

"सायेब, मी डोलवाला हाय."

त्यांला कळलं नाय. तुमाला सांगतो. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबच लांब जाळं. समुद्रात खुंटाला बांधायचं, तोंड पाण्याच्या धारेला करायचं. बोंबलाच्या मागे धावून बोंबील मिळत नाय. धार कुठून येणार ते ओळखायचं नि तिथं थांबायचं. बाकीचं काम पाणी करतं. माणसांचं पण तसंच. अकरा माणसं धावायला लागली की त्यांची धार होते. मी धारेत उभा राहायचो.

सायेब म्हणाले, "टीमला ढाल मिळवून दे, तुला कायम करतो."

कायम! आमच्या घरात आजवर समुद्र सोडून कायम काय नव्हतं. होडीवरची माझी जागा मी चुलतभाऊ जिवल्याला दिली आणि बोइसरला गेलो.

दोन वर्सं आमच्यावर एक गोल झाला नाय. माझ्या मागे गोलकीपर झुंबर. हा नगरकडचा, मशीनवर कायम झालेला. त्याला काम उरलं नाय. गोलमध्ये उभा राहून शेंगदाणे सोलायचा, टरफलं पुढे फुंकायचा.

"आरं पुंडलिक, एखादा तरी बॉल सोड की," तो ओरडायचा. "हात आखडलं माझं. घरी बायको इचारती, गोलकीपर म्हंजी काय करता, तर काय सांगू, शेंगा खातो?"

दुसऱ्या वर्सी ढाल आली. सायबांनी तिला हार घातला. मी माझा कायमचा अर्ज घेऊन कामगार अधिकारी खंडेराव सायबांकडे गेलो. हा माणूस देवासमोर पण 'विषय' आणि 'संदर्भ' लिहूनच हात जोडत असेल. त्यांनी एक छापील पत्रक काढलं. वर लिवलेलं, 'खेळाडू कामगार कामगिरी मूल्यमापन'.

"केलेले गोल?"

"मी बॅकला असतो, सायेब."

"शून्य. अडवलेले गोल?"

"दोन वर्सांत एक पण गोल झाला नाय."

"ते मी विचारलं नाही. अडवलेले किती?"

"गोलपर्यंत बॉल आलाच नाय ना."

"म्हणजे अडवला नाहीस."

"अडवला म्हणून तर आला नाय!"

खंडेराव सायबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ पुंडलिक. जे आलं ते अडवता येतं. जे आलंच नाही ते अडवलं असं मी लिहिलं, तर उद्या आपला वॉचमन, कंपनीत न आलेला वाघ अडवला म्हणून बढती मागेल. पुढे. मारलेल्या झेपा? निरंक. झालेल्या जखमा? निरंक." वरपासून खालपर्यंत रेघ मारून ते म्हणाले, "तू दोन वर्षं केलंस काय?"

मी म्हणालो, "उभा होतो."

त्यांनी तेच लिहून घेतलं.

पुढच्या सामन्याला कंपनीने टेबल टाकून एक कारकून बसवला. गळ्यात घड्याळ, हातात तक्ता. आठ दिवसांनी अहवाल आला. 'सदर कामगार नव्वद मिनिटांपैकी एकाहत्तर मिनिटे जागेवर उभा आढळला. चेंडूशी प्रत्यक्ष संपर्क अकरा वेळा. घाम नगण्य. सामन्याअंती कपडे स्वच्छ. गोलरक्षकाचा चेंडूशी संपर्क एक वेळा, तोही चेंडू गटारातून काढताना. सबब या दोन पदांपैकी एक पद अतिरिक्त वाटते.' झुंबर कायम होता. अतिरिक्त कोण, ते सांगायला शिक्षण लागत नाय. तीन महिन्यांत कामगिरी दाखव, नाय तर घरी जा, असं पत्र मिळालं.

घरी गेलो ते तोंड पाडून. बायको चंद्रकांता टोपली रिकामी करत होती. ती बोइसरच्या बाजारात मासे विकायची. सगळं ऐकून घेतलं, आणि मलाच झापलं.

"चुकलं तुमचंच. ताजा हलवा टोपलीत गप पडलेला असतो, त्याच्याकडे कुत्रं बघत नाय. मी त्याच्यावर पाणी मारते, शेपटीला धरून उचलते, ओरडते, घ्या गो बाय, आता उडी मारून पळेल! मग बाया थांबतात. मासा तोच. तुमी आपले दोन वर्सं टोपलीत पडून हायात."

"म्हणजे काय करू?"

"फडफडा जरा."

पुढचा सामना शेजारच्या कारखान्याशी. त्यांचा उजवीकडचा गडी बिहारचा, वाऱ्यासारखा पळायचा. दरवेळेसारखा बॉल घेऊन माझ्याकडे आला, नि मी बाजूला झालो. तो जागेवरच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"जाऊँ क्या, भैया?"

"जा ना. मी येतो मागून."

गेला बिचारा. मी बोंब मारत मागे धावलो, गोलच्या तोंडाशी झेप घेतली, चड्डी फाटली, बॉल बाहेर. लोक उभे राहिले. मोठे सायेब खुर्चीवर चढले. मोज्यात मी कंपनीतल्या लाल रंगाची पुडी ठेवली होती, ती गुडघ्यावर फोडली. कारकुनाचं पेन थांबेना. झुंबरने त्या दिवशी नऊ बॉल धरले. शेंगदाणे खिशातच राहिले.

खंडेराव सायेब स्वतः चालत आले. "याला म्हणतात बचाव! इतके दिवस ही कला कुठे लपवली होतीस?"

आता नोकरी सरकारी असो का खासगी, कामगिरी दिसली की तिचं उद्दिष्ट ठरतं. मला दर सामन्याला बारा बचाव लावून दिले. मग पंधरा. मग वीस. समोरच्या टीमला वीस वेळा गोलपर्यंत यायचा दम कुठला? ते पाळ्या करून आलेले असायचे. मग मीच बॉल नेऊन त्यांच्या पायात द्यायला लागलो. बिहारवाला शेवटी शेवटी हात जोडायचा, "भैया, बस करो, पाँव में गोला चढ़ गया."

"चार राहिलेत रे. घे, तेवढे ये."

वीस वेळा दार उघडलं की सात वेळा चोर घरात शिरणारच. आमच्यावर चार गोल झाले, मग सहा, मग सात. मी घाबरलो. खंडेराव सायबांना जाऊन सांगितलं, सायेब, आपण हरतोय. त्यांनी पत्रक पुन्हा वाचलं.

"झालेले गोल हा रकाना आपल्या पत्रकात नाही. ते समोरच्या कंपनीचं उत्पादन. तू तुझं बघ."

ढाल गेली. पहिल्याच फेरीत आमी सात गोल खाऊन बाहेर पडलो, आणि त्याच महिन्यात मला पत्र मिळालं. 'श्री. पुंडलिक यांनी चालू वर्षात एकशे एकसष्ट निश्चित गोल रोखून कंपनीची प्रतिष्ठा राखल्याबद्दल त्यांना सेवेत कायम करण्यात येत आहे.' चंद्रकांताने पत्राला हळदकुंकू लावलं. झुंबरला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, चपळाईबद्दल. जुन्या ढालीची जागा कपाटात मोकळी झाली होती. तिथं आमच्या पत्रकांच्या फायली ठेवल्या.

पुढे फुटबॉलची साथ गेली. टीम मोडली. मला काय करायचं, यावर सायबांनी विचार केला. बचावात एवढा हुशार माणूस म्हणून मला सुरक्षा समितीवर घेतलं. खुर्ची, पंखा, चहा. नव्वद साल असेल. तिथं एक दिवस भगवंत माझ्यासमोर उभा राहिला.

भगवंत हा फिटर, सांगलीकडचा. आमच्या कंपनीत त्याचं काम एवढंच, की रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या टाक्यांच्या नळ्या-व्हॉल्व्ह हाताने चाचपायचे, सैल वाटला तो आवळायचा. बोलायचा कमी. पाच वर्सं तात्पुरता होता. त्याचा कायमचा अर्ज माझ्याकडे आला होता, आणि अर्जाला तेच छापील पत्रक जोडलेलं. फक्त 'गोल' खोडून 'गळती' लिवलेलं.

रकाने सगळे मोकळे. पाच वर्सांत गळती नाय, तर थांबवणार काय?

मला त्याची दया आली. मी दार लावून घेतलं.

"भगवंत, तुला भाऊ म्हणून सांगतो. महिन्यातून एक व्हॉल्व्ह थोडा सैल ठेव. थोडाच. वाहायला लागलं की तूच ओरड, तूच धाव, तूच बंद कर. जरा भिज. मी स्वतः लिहितो तुझी शिफारस."

त्याने हातातला पान्हा टेबलावर ठेवला. "सैल सोडलं तर पाणी कुठं जाईल, दादा?"

"नाल्यात. दुसरं कुठं?"

"आणि नाला?"

मी त्याचा अर्ज चाळायला लागलो.

"खाली नवापूर हाय," तोच म्हणाला. "तुमचंच गाव. जाळी हायत लोकांची. न्हाई जमायचं."

सांगलीचा माणूस. त्याच्या बापाने समुद्र बघितला नसेल. मी म्हणालो, "अरे, वर्सभर पत्रक मोकळं राहिलं तर समिती तुला काढेल. सही माझीच लागेल."

"मग करा," तो म्हणाला, आणि पाळीची वेळ झाली म्हणून पान्हा घेऊन गेला.

मी वर्सभर थांबलो, हे माझ्या बाजूने लिहून घ्या. पत्रक मोकळंच आलं. मी सही केली. करणार काय, मी कायम होतो ना.

त्याच्या जागी आलेला चिंतू फार हुशार निघाला. पहिल्याच महिन्यात तीन गळत्या, तिन्ही त्याने स्वतः झेप मारून बंद केल्या. माझ्या चुलतभावाची, जिवल्याची डोल दोनदा जांभळी निघाली, बोंबील खाडीत फेकून द्यावे लागले. तो गेटवर आला, तर त्याला चहा पाजून सांगितलं, गळती होती, पण आमी थांबवली. चिंतू अंगभर निळा, गळ्यात हार, शेजारी मोठे सायेब नि मागे मी, असा फोटो पेपरात छापून आला. खाली ओळ होती, 'कामगाराच्या धाडसाने अनर्थ टळला'.

तो पेपर तुमच्याकडे पण येत होता. तुमी फोटो बघितलात, शेजाऱ्याला दाखवलात, म्हणालात, बघा, अशी माणसं हायत म्हणून जग चाललंय. आदल्या सहा वर्सांत एकदा पण अनर्थ टाळायची पाळी का आली नाय, हे तुमच्यातल्या एकाने पण पत्र टाकून विचारलं नाय.

मी वाट बघत होतो.