भाताच्या कडेने

रोनेलचा खेळ बघायला शहरातल्या कॉलेजचे सर येणार, म्हणून त्याचे प्रशिक्षक तेम्योंगकाका, तिकडच्या बोलीत मांग तेम्योंग, यांनी सकाळीच बास्केटबॉलचं मैदान लख्ख झाडून घेतलं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

सुगीच्या दिवसांत त्या मैदानाचा मधला भाग गावाचं भात वाळवायला लागतो. रोनेल लहानपणापासून खेळला तो कडेच्या दोन हात रुंद पट्टीत. दाण्यावर पाय पडला की त्याची आजी, लोला इसिंग, केरसुणी घेऊन उभीच. त्यामुळे त्या पट्टीतून तो असा सुळकन निघायचा, की चेंडू हाताला बांधलाय असं वाटावं. पण पोरगा ताडमाड वाढला होता, आणि उंच माणसानं बास्केटखाली उभं राहायचं, हे मांग तेम्योंग यांचं ठाम मत. आज सरांनी कॉलेजच्या संघात निवडलं तर रोनेलचं चार वर्षांचं शिक्षण फुकटात होणार होतं. नाहीतर होताच बापाबरोबर चिखल.

शेजारच्या गावाशी सामना सुरू झाला. मोकळ्या मैदानात रोनेल उभा राहिला तो जत्रेत आईचं बोट सुटल्यासारखा. चेंडू दोनदा त्याच्या छातीवर आदळला. तिसऱ्यांदा हातात आला, तो त्यानं नम्रपणे समोरच्या गड्याला देऊन टाकला. सरांनी वही मिटली.

लोला इसिंगच्या नोव्हेनाचा, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, तो नववा दिवस. प्रार्थना आटोपून ती चर्चमधून आली, तर ऊन कडकडीत आणि मैदान रिकामं. तिनं भाताचं पोतं ओढत आणलं, त्याचं तोंड सोडलं आणि मधोमध भात पसरायला लागली.

"लोला, अहो, सामना चाललाय," मांग तेम्योंग कळवळले.

"चालू दे की. माझं भात काय चेंडू मागतंय?"

तिच्या भातावर पाय द्यायची छाती दोन्ही गावांत कुणाची नव्हती. दोन्ही संघ कडेच्या पट्टीत दाटीवाटीनं उभे राहिले. बास्केटखालची जागाही भाताखाली गेली, म्हणून रोनेलला तिथं उभं करायचा प्रश्नच मिटला. मग तो सुटला. अंग चोरून, वळसे घालून, कडेनंच चेंडू टाकत त्यानं सामना फिरवला. मधेच दाणे टिपायला आलेल्या कोंबड्या एका हातानं हाकल्या; दुसऱ्या हाताखाली चेंडू उसळतच होता.

सरांची वही पुन्हा उघडली. "हा तर कडेचा खेळाडू आहे. याला मधे कुणी उभं केलं होतं?"

मांग तेम्योंग कोंबड्यांकडे बघू लागले.

"सर, पण तुमच्याकडं भात नसेल," रोनेल घाबरत म्हणाला.

"कड आहे. तेवढी पुरे. सोमवारी ये."

सरांची गाडी मैदानापलीकडे उभी होती. त्यांनी सरळ जायला पाय उचलला, लोला इसिंगच्या हातातली केरसुणी पाहिली, आणि पाय मागे घेतला. मग रोनेलच्या मागोमाग, दोन्ही हात पसरून, सर कडेकडेनं निघाले.

तरी दोनदा तोल गेलाच.