मालक सांगन

पांढुर्ण्याचे सोमकुवरजी बंद पडलेल्या रेडिओचं झाकण उघडण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारत. आवाज एकाएकी गेला की हळूहळू? जाण्याआधी खरखर होती का? त्या दिवशी घरात पाहुणे होते का? उत्तरं ते एका शाळकरी वहीत पेन्सिलीने लिहून घेत. नियम एकच. सेट ज्याचा, उत्तर त्यानेच द्यायचं. दुसऱ्या कोणी तोंड उघडलं की पेन्सिल कानावर ठेवून म्हणत, "मालक सांगन."

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निवृत्त झाले होते. सेट दुरुस्तीला स्वतःच्या घरी नेणं त्यांना मान्य नव्हतं. "डब्बा बिमार नसते, घर बिमार असते," असं त्यांचं मत होतं आणि त्याला पुरावे होते. मोहगावच्या एका मास्तरांचा रेडिओ रोज संध्याकाळी सहाला दबायचा. दोष शेजारच्या पिठाच्या चक्कीत निघाला. पांढुर्ण्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये पालीने अंडी घातली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत सोमकुवरजींनी त्या घरी स्क्रू-ड्रायव्हर लावला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळ्यात, ते आमच्या सौंसरच्या घरी आले. सेट माझ्या वडिलांचा होता. मँगनीजच्या खाणीवरच्या एका इंजिनिअरने बदली होऊन जाताना त्यांना दिलेला जुना स्टिरिओ रिसीव्हर. लाकडी पेटी, रुपेरी तोंड, हिरवा उजेड पडणारी काच, दोन बाजूंना दोन स्पीकर. त्यातला उजवा मुका झाला होता.

बाबांना त्याच सुमारास लकवा झाला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. हातपाय सुधारत होते. बोलण्याबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: बोलत राहिले तर शब्द परत येतील, गप्प बसले तर आहेत तेही जातील. बाबा गप्प बसले होते. संत्र्याच्या बागेत या टोकावरून त्या टोकाला हाक मारणाऱ्या माणसाला अडखळण्याची लाज वाटत होती. पाणी हवं असलं की ते बोट दाखवत. त्यांनी बोट उचलायच्या आत आम्ही पाणी देत होतो.

मी नागपूरच्या एका दैनिकातून सुट्टी घेऊन आलो होतो. निदान गाणी तरी ऐकतील म्हणून मीच सोमकुवरजींना बोलावलं.

त्यांनी वही उघडली आणि सेट कधी बिघडला ते विचारलं. होळीच्या सुमारास, मी म्हणालो. पेन्सिल कानावर गेली. मी त्यांना बाजूला नेऊन बाबांच्या आजाराची सगळी माहिती दिली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि परत जाऊन बाबांसमोर खुर्ची ओढली.

"सांगा मालक. मले घाई नाही. माही बस पाचची आहे."

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "हो... ळी." सोमकुवरजींनी ते लिहिलं आणि होळीच्या आधी की मागून, असं विचारलं. आई चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर ते दिवसाआड येत राहिले. एके दिवशी त्यांनी दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. आता डावा मुका झाला. म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष पेटीत. बाबा हे लक्ष देऊन पाहत होते. त्यांनी डाव्या हाताने स्वतःची उजवी बाजू दाखवली.

"इथल्या... तारा... बदलून... पाहा."

"तुमचं काम मोठ्या वर्कशॉपचं आहे, मालक," सोमकुवरजी न हसता म्हणाले.

पुढच्या खेपेला आवाजाच्या बटणाच्या मुळाशी चिकट तेल सापडलं. धूळ बसून त्याचं डांबर झालं होतं. कोणी टाकलं, हा प्रश्न आला. बटण तीन वर्षांपासून जड झालं होतं आणि ते कोणी बिघडवलं, याचं उत्तर आमच्या घरात तेव्हाच ठरलेलं होतं: सावरगावच्या जावयांनी. दर सणाला त्यांना यावरून टोमणे बसत. आईने जावयांचं नाव घ्यायला सुरुवात केली, तोच पेन्सिल कानावर गेली. बाबा कूलरकडे पाहत राहिले.

"मी," ते म्हणाले. "शिलाई... मशीनचं."

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. तो बिचारा आपल्या घरी पंख्याचं बटणही दाबत नाही, असं ती म्हणाली, आणि पुढे बरंच काही म्हणाली. सोमकुवरजींनी कबुलीजबाब वहीत उतरवला आणि बाबांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली. तिला एक तास लागला. आजारपणानंतर बाबा इतकं कधीच बोलले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात सोमकुवरजींनी बटण स्पिरिटने धुतलं. मग बांबूच्या काडीने पेटीच्या आत एकेक जागा टोकत गेले. एका ठिकाणी उजवा स्पीकर खाकरला. सोल्डरिंगचा एक टाका कच्चा होता. त्यांनी तापलेलं सोल्डर लावलं, फुंकर मारली, संपलं. दहा मिनिटं लागली. नागपूर केंद्रावरून संत्र्यावरच्या रोगांची माहिती दोन्ही बाजूंनी येऊ लागली.

"जेवून... जा," बाबा त्यांना म्हणाले.

बाबांनी पुढे जितकी वर्षं आमच्याशी गप्पा मारल्या, भांडणं केली, जावयांची माफी मागितली, ती सगळी मी सोमकुवरजींच्या नावावर धरतो. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब होता. दहा मिनिटांच्या कामाला तीन आठवडे कसे लागले? बसस्टँडवर मी त्यांना विचारलं, दोष सापडला कधी?

"पयल्याच दिवशी. तुम्ही भाईर गेले तवा टोकून पाह्यलं."

मग ते रस्त्याकडे पाहत बोलू लागले. "माह्या मंडळीले असाच लकवा झाला होता. तिनं एक अक्षर काढलं का मी पुरं वाक्य सांगून देत होतो. डॉक्टरसंग मीच बोललो, पोरीसंग मीच बोललो. लोक म्हनत, या मानसाले बायकोचं किती समजते. शेवटचे सा महिने तिनं तोंडच नाही उघडलं. तिले काय सांगाचं होतं, ते मले अजून मालूम नाही."

बस आली. खिडकीत बसल्यावर ते म्हणाले, "मालकाचं वाक्य पुरं नोका करू."

घरी आलो तेव्हा बाबा ओसरीत बसले होते.

"त्याले... गाडी..." ते म्हणाले आणि अडकले.

पुढचा शब्द मला माहीत होता. मी पायरीवर बसलो आणि वाट पाहिली.