चार पाखरं आणि चंदनाचे हार

चौसाळ्याहून मुलीकडचे लोक घर बघायला येणार म्हटल्यावर मी एक छोटासा निर्णय घेतला: बैठकीची पोपडे आलेली भिंत झाकायची. (नववीत शाळा सोडली, तोही असाच छोटासा निर्णय होता.)

पाटोद्यात मी फोटोफ्रेमच्या दुकानात कामाला आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रांवरची पाखरांची जुनी तिकिटं काढून एका डब्यात जपली होती. त्यांवरून मी चार मोठी चित्रं काढली: नवरंग, हळद्या, सुतार आणि शिंजीर. भोवती तिकिटासारखी दातेरी कड, कोपऱ्यात पंचवीस पैसे, वर पोस्टाचा शिक्का. फ्रेमा टांगल्या आणि पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलो.

आमच्या दुकानात प्रत्येक फ्रेमवर चंदनाचा हार फुकट मिळतो. ते चार हार घरातच पडले होते. माझ्या आईला, छबुबाईला, बिनहाराची फ्रेम बघवत नाही. मी परत येईपर्यंत तिने चारी पाखरांना गंध लावून हार घातले होते.

मुलीचे वडील मोहनराव दारातच थबकले. टोपी काढली. त्यांच्या मागे त्यांची मुलगी सत्यशीला.

"पाळलेली व्हती का?" त्यांनी हळूच विचारलं.

समोर मोठं माणूस असलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघतो. "हो."

"चारी एकदमच गेली?"

"हो."

"रोगानं?"

"हो."

मोहनरावांचं कोंबड्यांचं शेड आहे, हे मला तेव्हा आठवलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला. "चहा नगं ताई. निघतो आमी. तिकडं दोन हजार जीव हायेत."

आई कप घेऊन उभी. मी घाम पुसत उभा. माझं लग्न उंबऱ्यावरून परत निघालेलं.

सत्यशीला मात्र भिंतीजवळ गेली. तिने एक हार बाजूला सारला. "बाबा, मेलेल्या पाखरावर पंचवीस पैसे कावून लिवतील? पोस्टाची तिकिटं हायेत ही." मग माझ्याकडे वळली. "कुनी काढली?"

"हो," मी म्हणालो. मग सगळा जीव एकवटून, "मी."

"लई झाक काढली. मग बाबाला हो-हो कावून म्हनलात?"

"ते मोठे हायेत."

मोहनरावांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग रुमाल खिशात घालून खाली बसले. "आना ताई कप. पोरगं उलटं बोलनार न्हाई, एवढं तर कळलं."

आठ दिवसांनी होकार आला. सत्यशीलाने फोनवर सांगितलं, पाचवं चित्र टिटवीचं काढा, आमच्या शेतातल्या. हल्ली जेवणाच्या सुट्टीत मी तेच करतो.

आईच्या आनंदाला तर पार राहिला नाही. माझा साखरपुड्यातला फोटो तिने आमच्या मालकांकडून, रामप्रसादशेठकडून, फ्रेम करून आणला. शेठनी कॉम्प्युटरवर मला चांगला गोरा केला होता. काल घरी आलो तर नवीन बदलून आलेला पोस्टमन बैठकीत उभा, टोपी हातात. पाखरांच्या शेजारी माझा फोटो. गंध. हार.

"भाऊ व्हता का तुमचा?" त्याने हळूच विचारलं.

पोस्टमन वयाने मोठा होता. "हो," मी म्हणालो.

त्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमच्यापरीस दिसायला बरा व्हता."

"हो."