अंगठा जाईल अशी नळी

नळी दिसली की दाजीबा आधी तिच्यात फुंकर घालायचा, मग कान लावायचा आणि शेवटी तिला जीभ लावून बघायचा. एकदा गावच्या देशमुखांनी त्याला मानानं बैठकीत बसवलं, तर यानं त्यांच्या हुक्क्याची नळी उपसून तिच्यात करंगळी घातली. "अरुंद हाये. तुमाला दम काहून लागतो, ते आता समजलं!"

निजामाचा अंमल होता तेव्हा. साखऱ्याच्या माळावर आम्हा दोघांची रोशा गवताच्या तेलाची भट्टी होती. हंड्यात गवत उकळायचं; वाफ नळीतून गार पाण्याच्या हौदात उतरायची आणि पलीकडे तेल ठिबकायचं. ऐन हंगामात तांब्याची नळी चिरली. मी घाईनं हिंगोलीहून लोखंडाची आणली.

दाजीबानं ती चाटली आणि थुंकला. "लोखंडानं तेल लाल व्हतंय. अन् माप? अंगठा जात न्हाई हिच्यात. वाफेनं जावं कुठून?"

"गवत वाळून राहिलं, दाजीबा. तांबट चार दिवस लावील."

तो कुरकुरत माती कालवायला लागला. नळी बसली, झाकण मातीनं लिंपलं, जाळ लागला. पहिले थेंब आले ते चहासारखे. मग हंडा गुरगुरला आणि झाकण असं उडालं की बैल दावं तोडून पळाले. माझा हात भाजला. आता हा मला सोलणार, असं वाटलं. पण तो हौदातलं पाणी माझ्या हातावर ओतत राहिला. "बोटं हलव. हलत्यात का? हलव बरं!"

दुसऱ्या दिवशी तो पायीच हिंगोलीला गेला. तांबटापुढं ठाण मांडून अंगठा जाईल अशी नळी घडवून घेतली आणि चौथ्या दिवशी खांद्यावर टाकून आणली. तेल निघालं फिकट, नितळ. मी खुशीत हाक मारली, तर स्वारी बाटलीसकट गायब!

जरा रागातच मी त्याच्या घरी गेलो. दारातून पाहिलं, तर तो बायकोच्या बोटांना तेल चोळत होता. वातानं पारूबाईची बोटं आखडली होती, हे गावाला ठाऊक होतं. हा रोज तेल चोळतो, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मला पाहून तो ओशाळला. "लाल तेलाचे डाग पडत्यात लुगड्याला. तिला धुता येत न्हाई, अन् मी धुतलेलं पटत न्हाई."

"कसं पटंल? पिळतच न्हाईत बराबर," पारूबाई म्हणाली.

मग तिनं ती वाकडी बोटं कशीबशी उचलून त्याच्या कपाळावरची काजळी पुसली. दाजीबा डोळे मिटून बसून राहिला. मी बाटलीचं नाव न काढता परत फिरलो.