चार चालींचा जावई

सासरे आठ दिवस राहायचं ठरवून येत आणि तिसऱ्या दिवशी निघून जात. सासूबाई गेल्यापासूनचा हा शिरस्ताच होता. भांडण नाही, तंटा नाही, फक्त बोलायला काही नसे. जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले सासरे आणि एका ऑफिसात आवक-जावक सांभाळणारे आपले कारकून जावई, असे दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसत. "बरं आहे ना?" "हो, बरंय." "ऑफिस?" "चालू आहे." एवढ्यावर अकरा वर्षं निघाली होती. तिसऱ्या दिवशी सासरे बॅग उचलत, आणि ते गेल्यावर बायको दार लावून बराच वेळ दाराशीच उभी राही. तिचं ते पाठमोरं उभं राहणं कारकुनांना बघवत नसे. (माणूस प्रेमळ. उपयोगाचा नसला तरी प्रेमळ.)

म्हणून या खेपेला त्यांनी ठरवलं, बुद्धिबळ शिकायचं. बाबांना त्याचं भारी वेड आहे, हे बायकोनं कधीतरी सांगितलं होतं.

वाचनालयातून नवशिक्यांसाठीचं दीडशे पानी पुस्तक आलं. कारकुनांनी त्यातलं पहिलं प्रकरण धरलं: सुरुवात कशी करावी. पांढऱ्याच्या चार चाली होत्या. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, मग घोडा, मग उंट, मग राजाला कोपऱ्याकडे सरकवून हत्ती त्याच्या पहाऱ्याला. खाली टाळायच्या चुका: वजीर घाईनं बाहेर काढू नये, एकच मोहरा उगाच दोनदा हलवू नये. कारकुनांचा जीव भांड्यात पडला. हे तर ऑफिससारखंच की! पत्र आलं, नंबर टाकला, शिक्का मारला, पुढे पाठवलं. पत्रात काय लिहिलंय ते वाचायची जबाबदारी आवक-जावकची नसते. (वीस वर्षांत त्यांनी एकही पत्र वाचलं नव्हतं आणि त्यावरून एकदाही बोलणी खाल्ली नव्हती.)

पंधरा दिवस रोज संध्याकाळी सराव चालला. मटार सोलता सोलता बायको काळ्या सोंगट्या हलवायची, कारकून पुस्तकात बघून सांगतील तशा.

"आता हा घोडा इथं ठेव."

"आणि नाही ठेवला तर?"

"अगं, पुस्तकात ठेवलाय!"

"ठेवला बाई एकदाचा," म्हणून ती पुढची शेंग उचलायची. चार चाली कारकुनांना तोंडपाठ झाल्या. पाचवी शिकायची गरज आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

सासरे आले. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर कारकुनांनी टीपॉयवर पट मांडला, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला की बायको कपबशा उचलायची विसरली.

"जावईबापू, तुम्ही खेळता?"

"थोडंफार," कारकून म्हणाले. (फार नाही, थोडंच.)

"मग घ्या, पांढऱ्या तुमच्या."

कारकुनांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. सासऱ्यांनी क्षणभर विचार करून वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. कारकून थबकले.

"बाबा, चुकलात."

"काय चुकलो?"

"तुम्ही राजापुढचं प्यादं काढायचं असतं."

"माझं कुठलं प्यादं मी काढायचं, ते तुम्ही सांगणार?"

"मी नाही हो, पुस्तकात आहे तसं. हवं तर परत घ्या, माझी हरकत नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं डोळे मोठे केले. सासऱ्यांनी हाताची घडी घातली. मोठ्या माणसाची चूक पोटात घालावी, असा विचार करून कारकुनांनी जावक क्रमांक दोन रवाना केला: घोडा.

सासऱ्यांनी त्यांचं प्यादं मारलं. जावक क्रमांक तीन: उंट. सासऱ्यांनी हात पुढे केला, मग थांबून जावयाकडे निरखून पाहिलं.

"जावईबापू, घोडा चालला हं."

"जाऊ द्या, बाबा."

घोडा गेला. कारकुनांनी राजा कोपऱ्याकडे नेला, हत्ती शेजारी बसवला आणि समाधानानं मागे रेलले. चारही चाली क्रमानं, खाडाखोड न होता पार पडल्या होत्या. चुकाही झाडून सगळ्या टळल्या होत्या. वजीर जागचा हलला नव्हता. घोडा दोनदा हलवायचा तर प्रश्नच उरला नव्हता, तो पटावरच नव्हता. सासऱ्यांनी आणखी एक प्यादं मारलं.

"खेळा."

"अजून?" कारकून दचकले. "म्हणजे... माझं तर झालं."

पुढचं वर्णन नको. चौदाव्या चालीला मात झाली. सासरे पटाकडे बघत राहिले, मग ताडकन उठले आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. दार मागे लोटून घेतलं.

"तिकिटाचं बघायला गेले," बायको म्हणाली. "या वेळी तर दुसऱ्याच दिवशी! चुकलात म्हणून कशाला सांगायला गेलात हो त्यांना?"

कारकुनांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय धरून माफी मागावी म्हणून ते गॅलरीच्या दाराशी गेले, मागोमाग बायको. सासऱ्यांचा जन्म या बांधावरून त्या बांधावर ओरडण्यात गेलेला, त्यामुळे दार लोटलेलं असूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"नाही रे, गुरुवारी बुद्धिबळ मंडळात येत नाही. महिनाभर तरी नाही. अरे, मी जिंकलो! ... मीच! ... नाही, समोरचा झोपला नव्हता, चांगला जागा होता!"

"म्हणजे बाबा तिकडे दर गुरुवारी हरायचे?" बायको कुजबुजली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. महिनाभर! तिनं कारकुनांचा दंड घट्ट धरला. आपल्या हातून बायकोसाठी काहीतरी घडलं, या आनंदानं कारकुनांचा ऊर भरून आला.

खेळाडू कसा आहे, असं पलीकडून विचारलं गेलं असावं.

"हिरा आहे, हिरा!" सासरे म्हणाले, आणि इकडे कारकुनांची मान ताठ झाली. "फक्त त्याला कुणी बुद्धिबळ शिकवता कामा नये. त्यावर लक्ष ठेवायला म्हणून तर राहतोय मी."